पाहुण्याचा ताबा

प्रिय धाकटे,

तुझे तिन्ही निरोप पोचले. पहिला भलामोठा होता, दुसरा त्याच्या निम्मा, आणि कालच्या तिसऱ्यात नुसतं 'दादा, हो की नाही?' जन्मभर माझी वाक्यं छाटत आलीस, आता स्वतःचीही छाटायला लागलीस, हे बघून हसू आलं. प्रश्न मला कळलाय. चॅनेलवाल्यांना आपल्या रहस्यकथांमधला पाहुणा परत हवाय, नव्या गोष्टीत हवाय, आणि ती गोष्ट माझ्याच हातची हवी. मी लिहायला बसलोय असं तू त्यांना सांगूनही टाकलंस. बसलो होतोच. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. ते कधी देतोस, आणि मग पटकथेला नेहमीसारखा शेजारी खुर्ची ओढून बसतोस का, एवढंच तुला हवंय. त्या एवढ्याशा उत्तरासाठी हा माणूस इतके कागद घेऊन बसला म्हटल्यावर तू कपाळाला हात लावला असशील. लाव. पण सावकाश वाच. आधी शेवटचं पान उलटायची खोड आपल्या घरात कुणालाच नव्हती.

थकलोय गं. कुठे काही दुखत नाही, ताप नाही, खोकला नाही, नुसता थकलोय. सकाळी उठून दाढी केली की वाटतं, झालं, आजचं काम उरकलं. चिरंजीवांनी टेबल खिडकीशी सरकवून दिलंय, वर नवा दिवाही लावलाय, त्याचा उजेड इतका पांढरा की आपण गोष्ट लिहीत नसून कबुलीजबाब लिहून देतोय असं वाटावं. समोर खाली इस्त्रीवाल्याचं दुकान आहे. तो शर्ट हँगरला लावून ओळीने टांगतो, आणि वरून बघितलं की मुंडकं नसलेली माणसं रांगेत शिस्तीत उभी दिसतात. पूर्वी एवढ्या दृश्यावर माझं एक प्रकरण सहज निघालं असतं. आता बघतो आणि मनात येतं, कॉलर छान कडक केली आहे हो त्याने. मग डोळे मिटून बसतो. शाळेतल्या कविता आपसूक सुरू होतात, नदीवरची, पाखरावरची, घरापासून दूर गेलेल्या मुलावरची. चालीसकट, टाळीसकट. सूनबाई आतून म्हणते, बाबा, तुमचा रेडिओ लागला वाटतं. मी म्हणतो, हो बाई, आणि याला वीज लागत नाही.

काल उगाच आपलं वाचनालय आठवत होतो. तिथला तो चावट वाचक तुला आठवत असेल. रहस्यकथा घरी आणावी, जीव मुठीत धरून विसाव्या पानावर पोचावं, तर समासात पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, 'खुनी माळीच!' आपण तोंड पाडून उरलेलं पुस्तक कसंबसं ओढायचो आणि शेवटी कळायचं की खुनी माळी नव्हताच. तो गृहस्थ शेवट फोडत नव्हता, वाचता वाचता स्वतःचा अंदाज लिहीत होता, आणि निम्म्या वेळा आपटत होता. तू त्याला पकडायचं ठरवलंस. दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, आणि वर्तमानपत्राआडून पाळत ठेवणारी ती माझी बहीण! वाचनालयाच्या बाई तुला म्हणायच्या, अगं, पेपर उलटा धरलायस. आणि एका संध्याकाळी सापडला कोण, तर आपले बाबा. वर्गात कवितेचा अर्थ सांगताना ज्यांचा आवाज भरून यायचा, आणि घरी ज्यांनी खुनाच्या पुस्तकांना 'डोक्याला लागणारी वाळवी' असं नाव दिलं होतं, ते आपले बाबा कोपऱ्यातल्या कपाटाशी उभे राहून समासात पेन्सिल चालवत होते. तू जागच्या जागी अटक करायला निघाली होतीस. मी तुझी वेणी ओढून तुला बाहेर नेलं. तेव्हा का नेलं ते मला सांगता आलं नव्हतं. आता येतं. दिवसभर ज्याला बरोबर असावं लागतं, त्याला कुठेतरी चुकायला जागा हवी असते.

खरं सांगायचं तर रहस्यकथेचं सगळं सुख त्या चुकण्यातच आहे. लोकांना वाटतं, आम्हाला खुनी शोधण्यात मजा येते. छे! न सापडण्यात येते. आपण एकावर बोट ठेवावं, लेखकाने ते अलगद धरावं आणि दुसरीकडे न्यावं, आणि आपण म्हणावं, अरे चोरा, हे तर पहिल्याच पानावर लिहिलं होतंस की! कवितेत आपण कारण नसताना रडतो आणि रहस्यकथेत कारण सापडलं म्हणून सुखावतो. मला दोन्ही लागायचं. पण धंदाच तो झाल्यावर ते सुख गेलं. चौथ्या प्रकरणात मला सांधे दिसायचे, शिवण दिसायची. इथे याने किल्ली लपवली, इथे हा उगाच बागेचं वर्णन करतोय म्हणजे बागेत काहीतरी पुरलंय. जादूगाराने जादूगाराच्या खेळाला जाऊन बसावं तसं. टाळ्या वाजवायच्या, पण हाताला घाम येत नाही.

आणि आपली ती पद्धत! मुलाखतीत सगळे विचारायचे, तुमचा खुनी शेवटपर्यंत कळत कसा नाही, आणि मी मानवी मनाच्या खोल गुहांबद्दल काहीबाही बोलायचो. गुहा कसली डोंबलाची. मी शेवटचं प्रकरण सोडून सगळं लिहायचो, तू सुट्टीच्या दिवशी यायचीस, पाय वर घेऊन खुर्चीत बसायचीस, बिस्किटांचा डबा मांडीवर, आणि संध्याकाळपर्यंत वाचून खुन्याचं नाव सांगायचीस. बरोबर निघालं की मी निमूट खुनी बदलायचो. म्हणजे पाहुण्याच्या सगळ्या पुस्तकांतले खुनी हे मी निवडलेले नाहीतच. तुला ज्यांचा संशय आला नाही, ती ही माणसं. आणि तुला संशय कुणाचा यायचा नाही? तर जो मुलांशी गोड बोलतो, मांजराला दूध घालतो, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून देतो त्याचा. त्यामुळे आपल्या पुस्तकांत जो मांजर पाळेल तो फाशी जायचा! त्यावर एका समीक्षकाने 'सौजन्याविषयीचा मूलभूत अविश्वास' असा केवढा लेख लिहिला होता. तो तू मला मोठ्याने वाचून दाखवलास, आणि हसून हसून तुला उचकी लागली. मी पाणी देत होतो आणि तू वहिनी कुठे आहे म्हणत होतीस, आणि तुझी वहिनी आतल्या खोलीत तोंडावर पदर धरून आपल्यापेक्षा जास्त हसत होती.

मग तू पटकथेत शिरलीस आणि मला कळलं की माझी बहीण मुळात शिंपीणच आहे. माझ्या कापडाचे काय काय तुकडे केलेस! मी दोन पानं धुकं लिहावं, त्यात एक होडी, होडीत कंदील, पाण्यावर त्याचं थरथरणारं पिवळं बोट. तू समासात लिहायचीस, 'दादा, धुकं भाड्याने मिळत नाही. कट.' नदीबद्दल तर तू तोंडावर विचारलंस, तिला डायलॉग आहे का, नाही ना, मग ती घरी जाऊ दे. मी रागावून जेवलो नव्हतो त्या दिवशी. पण शूटिंगला नेलंस तेव्हा बघितलं. पाहुणा दारात उभा राहतो, खोलीतल्या सगळ्यांकडे बघतो, गुडघ्यावर हात ठेवून म्हणतो, 'मी पाहुणा माणूस, दोन मिनिटं बसतो,' आणि बसतो. बस्स. त्या बसण्यात माझं धुकं होतं, नदी होती, सगळं होतं. एका वाक्यात आणलं होतंस. तेवढ्यात सोफ्यामागचा मुडदा घोरायला लागला, दिग्दर्शक किंचाळला, आणि तू शांतपणे म्हणालीस, राहू द्या, दोन दिवस झोपला नाहीये बिचारा, तोवर आपण चहा घेऊ. मुडद्यावर पांघरूण घालणारी लेखिका मी तरी दुसरी पाहिली नाही.

पाहुणा मी कसा केला हे लोक विचारतात तेव्हा मी तुझं नाव घेतो आणि त्यांना ती नम्रता वाटते. पोलीस नको, पिस्तूल नको, हे तूच म्हणाली होतीस. विमा कंपनीचा तपासनीस कर, म्हणालीस. सगळे रडून झाल्यावर येतो, फाटकी बॅग, दुखरा गुडघा, कुणाला तो नको असतो आणि त्याला हाकलताही येत नाही. मी फक्त त्याला चालवलं. बरीच वर्षं चालवलं. तुझी वहिनी गेली तेव्हा मी लिहायचं थांबवलं, आणि खरं म्हणजे तेव्हाच त्यालाही निवृत्त करायला हवं होतं. पण तुझा फोन आला आणि मला हुरूप आला. म्हातारपणी हुरूप म्हणजे काय, तर दुपारची झोप अर्धा तास उशिरा लागणं.

तर ही नवी गोष्ट. जुन्या नाटक कंपनीतला प्रॉम्प्टर, तो विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारा माणूस, कपडेपटात मेलेला सापडतो. नटी आहे, मॅनेजर आहे, कपडेपटाचा शिंपी आहे, आणि प्रॉम्प्टरचा भाचा आहे. सुरुवात छान झाली. मी सकाळी लिहायचो, सूनबाई दुपारी टाईप करायची. शेवटच्या आधीच्या प्रकरणात पाहुणा सगळ्यांना रंगमंचावर बोलावतो, गुडघ्यावर हात ठेवतो, दोन मिनिटं बसतो म्हणतो, बसतो, आणि... धाकटे, तो तिथेच बसून आहे. मला पुढचं माहीत नाही. आजवर कधी असं झालं नव्हतं. मी खुनी बदलायचो, पण बदलायला आधी एक तर असायचा! मी मागचं सगळं वाचून काढलं, माझंच लिखाण मी परक्यासारखं चाळलं, की मी कुणाच्या खिशात काय ठेवलंय ते तरी सापडावं. कात्रीचा उल्लेख आहे, ती कुणाची ते नाही. भाचा एकदा रडतो, का ते नाही. आणि ज्या शिंप्याला मी आधी पोलिसांच्या ताब्यात दिलं, तो दोन प्रकरणांनी दुकानात बसून निवांत बटणं लावतोय. पाहुण्याचा तर गुडघासुद्धा बदललाय, डावा होता तो उजवा झाला. मला वाटलं, थकवा. चार दिवस कागद बाजूला ठेवले.

विरंगुळा म्हणून कपाटातलं एक पुस्तक काढलं, खाकी कव्हर घातलेलं. दोन दिवस ते हातातून सुटलं नाही. किती वर्षांनी असा फसलो म्हणून सांगू! मी पैजेवर सांगितलं असतं की डॉक्टरच. आणि निघाली कोण, तर ती फुलं विकणारी विधवा, जिने पहिल्याच पानावर एका लहान मुलाला फुगा घेऊन दिला होता. मी खुर्चीत टाळी वाजवली. सूनबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. मी म्हटलं, काय लिहिलंय या माणसाने, वा! तिने हात पुसले, माझ्याजवळ येऊन बसली, आणि कव्हर हळूच काढून दाखवलं. पाहुण्याचं होतं, आपलंच. बरं, जुनं पुस्तक, तीसेक वर्षं झाली, विसरतो माणूस, असं मी हसून म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, बाबा, मागच्या आठवड्यात तुम्ही हेच वाचलंत. तेव्हाही तुम्हाला डॉक्टरच वाटला होता. तेव्हाही टाळी वाजवलीत.

पोर गुणाची आहे. रडली नाही, मला रडू दिलं नाही, दुसऱ्या दिवशी सरळ डॉक्टरांकडे नेलं. तिथे गंमतच झाली. डॉक्टर म्हणाले, मी एक छोटी गोष्ट सांगतो, थोड्या वेळाने ती मला परत सांगा. एक बाई बाजारात जाते, तिची पिशवी हरवते, एक मुलगा ती आणून देतो. संपली. याला गोष्ट म्हणतात? थोड्या वेळाने मी ती परत सांगितली, आणि चांगली सांगितली. पिशवी मुलानेच लपवली होती, कारण त्या बाईने त्याच्या आईला कामावरून काढलं होतं, आणि परत देताना त्याच्या हाताला तिच्याच घरच्या साबणाचा वास होता. डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, आजोबा, मी एवढं सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, म्हणून तर तुमची गोष्ट पडली. सूनबाईला हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, बाजारात कोण गेलं होतं? आणि मला आठवेना. साबण आठवत होता, कारण साबण माझा होता. बाई त्यांची होती, ती गेली. नंतर मी त्यांना शाळेतली एक अख्खी कविता म्हणून दाखवली, कडव्यामागून कडवं, एक मात्रा न चुकता, जशी काही तीच माझी जामीनदार. त्यांनी मान डोलावली, पण ती कवितेला नव्हती. जे जुनं आहे ते बराच काळ राहील, म्हणाले. नवीन टिकणार नाही. सौम्य बोलणारा माणूस आहे. तुला त्याचा कधीच संशय आला नसता.

घाबरू नकोस. आज मी ठीक आहे. हे पत्र मीच लिहिलंय, एका बैठकीत नाही, चार-पाच सकाळी बसून, आणि आधीचं वाचून बघूनच पुढचं लिहितोय. आणि तोटाच तोटा आहे असंही नाही. जे सुख धंद्याने नेलं ते परत आलंय. मी आता फसतो, अगदी पोरासारखा. आपल्या घरात रहस्यकथांचं कपाट आहे आणि ते मला कधीच संपणार नाही. मी फक्त लिहू शकत नाही. फसायला विसरणं चालतं, फसवायला सगळं लक्षात ठेवावं लागतं.

आता फोन का केला नाही ते सांगतो, कारण त्याच्यासाठीच हे एवढं लिहिलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. शेवटचं प्रकरण मी लिहिणार नाही, पटकथेला बसणार नाही. सगळे कागद सोबत पाठवतोय, चुकांसकट. खुनी तू ठरव, शिंप्याला एका जागी बसव, आणि वर नाव एकटीचं घाल. पाहुणा आजपासून तुझा, या गोष्टीपुरता नाही, कायमचा. एवढं फोनवरही बोलता आलं असतं. पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, आणि ते तुला कळवू नकोस असं मी सूनबाईला बजावलं होतं, कारण ते मला स्वतः कळवायचं होतं. पुढे पुढे असा माणूस संशयी होतो, म्हणाले. आपलं कुणी काही नेलं असं त्याला वाटायला लागतं, आणि संशय येतो तो सगळ्यांत जवळच्यावर. म्हणजे एक दिवस टीव्हीवर पाहुणा दिसेल, पाटीवर तुझं नाव येईल, आणि मी घर डोक्यावर घेईन की माझ्या बहिणीने माझा माणूस चोरला. शेजाऱ्यांना सांगेन. तू भेटायला आलीस तर तोंडावर चोर म्हणेन. मला शब्द वापरता येतात, धाकटे, ते नेमके लागतील. तुला वाटेल, दादाच्या पोटात हे आधीपासूनच होतं, आता झाकण उडालं म्हणून ओठावर आलं. नव्हतं. कधीच नव्हतं. आज मी पुरता शुद्धीवर आहे, सूनबाई वर तारीख घालणार आहे, आणि चिरंजीव खाली साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. हा कागद त्या दिवशी माझ्यापुढे धरू नकोस, मी म्हणेन अक्षर माझं नाही. हा तुझ्यासाठी आहे. मी तसं काही बोललो की ऊठ, बाहेर जिन्यात जा, हा वाच, आणि मग परत आत ये.

तुझाच, आणि त्या दिवशीही तुझाच,

दादा